हादरे आणि कुलूप

नांदेड, २० नोव्हेंबर २००७, मंगळवार

आज संध्याकाळी जमीन हलली तेव्हा मी डोक्याला शिकेकाई चोळून न्हाणीत उभी होते. नळाला पाणी संध्याकाळीच येतं, त्याला इलाज नाही. आधी आवाज आला, तळघरात कुणी ज्वारीचं पोतं वरून टाकावं तसा धप्प. या होस्टेलला तळघर नाही. मग बादलीतल्या पाण्यावर वलयं उठली. भूगोलात एम.ए., भूकंपात काय करावं यावर परीक्षेत चांगली दोन पानं लिहिलेली मी, उमैमा शेख, टॉवेल गुंडाळून जी सुटले ती थेट खालच्या चॅनल गेटपाशी.

सगळ्या मुली तिथे आधीच पोचल्या होत्या. गेटला बाहेरून कुलूप, आणि वॉचमन किल्ली खिशात घेऊन कोपऱ्यावर चहाला गेलेला. मागच्या मुली ढकलत होत्या, पुढच्या जाळीला चिकटून किंचाळत होत्या. लातूरकडच्या मुरुडच्या अक्षराचा हात जाळीत अडकला. मनगट सुजलंय, मोडलं नाही हे नशीब. ती बारावीतली सगळ्यांत शांत मुलगी. रडली नाही. बर्फ लावताना मला म्हणाली, "मॅडम, आपण आत सुरक्षित होतो का बाहेर?"

मी बर्फ बदलला, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ही वही काढली. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी, त्यामुळे मनातलं मराठीतच उतरतं. शिवाय अम्मीला मराठी वाचता येत नाही, तोही एक फायदा.

२१ नोव्हेंबर

वीरभद्र सरांनी सकाळीच बोलावलं. क्लासेस त्यांचे, होस्टेल त्यांचं. इथे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला मुली येतात; त्यांना भूगोल लागत नाही, म्हणून मी रेक्टर. हजेरी, मेस, दूध, भांडणं आणि संध्याकाळी सातला गेट बंद झालंय ना ते बघणं.

"मॅडम, पालकांचे फोन येतील. ट्रक गेला म्हणा."

"सर, ट्रक जमिनीखालून जात नाही."

"मग शेजारी बोअर मारून राहिले होते म्हणा."

कुलपाचा विषय काढला तर त्यांनी माहितीपुस्तिकाच पुढे केली. पहिल्याच पानावर आमच्या गेटचा फोटो. "पालक माझं फिजिक्स बघून मुलगी ठेवत नाहीत, हे कुलूप बघून ठेवतात. उद्या काढलं आणि एखादी मुलगी कुठे गेली तर कोण जबाबदार? तुम्ही?"

सर वाईट नाहीत. प्रत्येक मुलीचा कोणता धडा कच्चा आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि कुलपाचं म्हणाल तर माझ्या अब्बूंनीही आधी हे गेट हलवून बघितलं होतं, मगच मला नोकरीला होकार दिला. मी माहितीपुस्तिका परत दिली आणि उठले. उठायला नको होतं असं आता वाटतंय.

दुपारी दोन फोन आले. दोघांनाही मी खरं सांगितलं. ट्रक म्हणायला तोंडच उघडेना.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

काल पुन्हा एक आवाज, हादरा बारीक. तेवढ्यात मेसमध्ये अफवांचा पाऊस. एकीला एसएमएस आलाय की नांदेडच्या पोटात ज्वालामुखी जागा झालाय. दुसरीच्या मामाच्या बोअरमधून वाफ निघाली. आमच्या सरजाबाई, मेसच्या, लोह्याकडच्या, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ग्यास हाय, ग्यास. खाली ग्यास कोंडून राहिला. पोटात कोंडल्यावर माणूस सुदीक गुडगुडतंय की."

मी म्हटलं, मावशी, एक गार भाकरी द्या. ती परातीत ठेवली. म्हटलं, ही आपली भारताची प्लेट. जमीन अखंड नाही, तिचे असे मोठाले तुकडे आहेत आणि ते सरकतात. आपला तुकडा उत्तरेकडे चाललाय, नखं वाढतात साधारण तेवढ्या संथपणे. वर हिमालयाच्या बाजूला दुसरा तुकडा वाट अडवून बसलाय. अक्षराला म्हटलं, दोन्ही कडांनी दाब दे. तिनं एका हातानंच परातीच्या काठाला रेटली. भाकरी कडेला तुटली नाही. मधोमध, जिथे पातळ थापली गेली होती, तिथे तडकली.

"ती भेग म्हणजे आपण?" हिमायतनगरची एक मुलगी म्हणाली.

"आपल्याकडे जुन्या भेगा आहेत, खोल. दाब साचतो, तिथे थोडं थोडं सरकतं. त्र्याण्णवला किल्लारीला जास्त सरकलं."

"आणि ज्वालामुखी?"

"तो होऊन गेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हा आपला काळा दगड त्याचाच थिजलेला लाव्हा. आता खाली तसलं काही धगधगत नाही."

मुली शांत झाल्या. फार बरं वाटलं. एवढं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. सरजाबाईंनी तेवढी तडकलेली भाकरी उचलली आणि म्हणाल्या, "मी पातळ थापत न्हाई. ही काल कामाला लागलेल्या पोरीनं थापलेली."

२५ नोव्हेंबर, रविवार

घरी, इतवारा मोहल्ल्यात. अब्बूंचं बांगड्यांचं दुकान. ते म्हणतात, हादरा माणसाला कळायच्या आधी बांगड्यांना कळतो, सगळं दुकान किणकिणतं. मी सगळ्या फळ्यांना पुढून सुतळी बांधून दिली. गिऱ्हाइकाला बांगडी काढून देताना अब्बूंचा हात सुतळीत अडकतो, पण त्यांनी ती सोडली नाही. येईल त्याला सांगत होते, "माझी मुलगी भूकंपाची जाणकार आहे."

अम्मीला भूकंपाचं काही नाही. "पच्चीस की हो गई तू," एवढंच तिचं. स्थळ घेऊन कुणीतरी येणार होतं, मी सोमवारी ड्यूटी आहे सांगून जेवून लगेच निघाले.

२८ नोव्हेंबर

अभियांत्रिकी कॉलेजातून एक जण इमारती बघायला आला. कॉलेजनं शहरातली होस्टेलं तपासायला घेतली आहेत. यासेर नाव, तिथे शिकवतो. उंच, चष्मा, बोलायला जरा अडखळतो. छोट्या हातोडीनं प्रत्येक कॉलम ठोकून कान देऊन ऐकत होता, डॉक्टर छाती तपासतात तसा. मी रजिस्टर घेऊन मागे मागे.

सांगाडा बरा आहे म्हणाला. काळजीच्या गोष्टी वेगळ्याच: गच्चीचा विटांचा कठडा सुटा उभा आहे. पलंगाच्या वर माळ्यावर लोखंडी पेट्या ठासून भरल्यात. पुस्तकांची कपाटं भिंतीला ठोकलेली नाहीत. आणि गेट.

"हादऱ्यानं माणसं कमी मरतात," तो म्हणाला, "पडणाऱ्या वस्तूंनी आणि बंद दारांनी जास्त."

हे वाक्य त्यानं अजिबात न अडखळता म्हटलं.

माणूस काटेकोर आहे. जिन्याखालचा कॉलम त्यानं दोनदा ठोकला, मग चहा पिऊन तिसऱ्यांदा. आणि जाताना मोजपट्टी विसरून गेला.

२९ नोव्हेंबर

मोजपट्टी न्यायला आला. जिन्याखालचा कॉलम पुन्हा बघितला. सरजाबाई म्हणाल्या, "त्या खांबावर लई जीव बसलाय साहेबांचा." मी त्यांना समजावून सांगितलं की जिन्याच्या भागावर ताण वेगळा येतो. सरजाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांना दमा आहे की काय.

२ डिसेंबर

सगळ्या पेट्या माळ्यावरून खाली घेतल्या. पलंगाखाली सरकवल्या, उरलेल्या व्हरांड्यात. एकीच्या पेटीत तीन किलो चिवडा, दुसरीच्या पेटीत एक जिवंत कासव सापडलं. कासवाचं काय करायचं यावर भूकंपापेक्षा जास्त चर्चा झाली. शेवटी मेसच्या हौदात.

४ डिसेंबर, मंगळवार

पहिला सराव. पूर्ण फजिती.

नियम सोपा: मी थाळी वाजवली की टेबलाखाली, टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, डोकं झाकायचं, धरून राहायचं. थाळी थांबली की रांगेत, न पळता, बाहेर. दर खोलीची एक प्रमुख.

थाळी वाजली. अर्ध्या मुली जेवणाचं ताट वाढलं समजून ताटं घेऊन आल्या. दोघी केस विंचरायला थांबल्या. बाहेर लोक बघतील म्हणे. सरजाबाई दुधाचं पातेलं उराशी धरून टेबलाखाली शिरल्या आणि तिथेच अडकल्या. चौघींनी ओढून काढल्या. दूध सांडलं नाही, हे त्या दिवसभर सांगत होत्या.

यासेर सर नेमके तेव्हाच आले होते, कठड्याची उंची घ्यायला. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला राग आला. मग ते म्हणाले, "आमच्या कॉलेजात तर कुणी बाहेरच आलं नाही. तुमच्याकडे निदान दूध वाचलं."

उद्या पुन्हा.

६ डिसेंबर

तिसरा सराव बरा झाला. अक्षरा सुजलेल्या मनगटानं सगळ्यांत आधी खाली बसते आणि शेवटी उठते. तिनं एक युक्ती काढली: टेबलाखाली सगळ्यांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. किंचाळायला तोंड मोकळं राहत नाही.

पण रात्रीच्या वेळचं काय? सातनंतर सराव घेतला तर रांग जाऊन थांबते कुलपाशी. मुलींना टेबलाखाली बसायला शिकवायचं आणि मग पिंजऱ्यात उभं करायचं.

आज नवा एसएमएस: रविवारी नऊ तारखेला मोठा भूकंप. कुणीतरी शास्त्रज्ञ म्हणालाय म्हणे. संध्याकाळी सात मुलींच्या घरून फोन, न्यायला येतो. सर घाबरले. रविवारीच पालकांची सभा ठेवली आहे. मला म्हणाले, "तुम्ही भूगोलाच्या. उभं राहून सांगायचं, मोठा भूकंप येणार नाही. बस."

"हे कुणालाच सांगता येत नाही, सर."

"तुम्हाला पगार कशाचा आहे मग?"

हे ते रागानं बोलले, लगेच खाली बघितलं. पण बोलले.

८ डिसेंबर

झोप नीट नाही. अडचण ही की मला स्वतःलाच मोठा भूकंप येईल असं वाटत नाही. इथले हादरे लहान आहेत, इतक्या दिवसांत लहानच राहिलेत. येणार नाही म्हणून टाकलं तर बहुतेक खरंच ठरेल. मुली राहतील, नोकरी राहील, सगळे खूश. पण किल्लारीच्या आधीही बारीक हादरे झाले होते आणि ते बघून कुणालाच पुढचं सांगता आलं नव्हतं.

यासेर सरांना फोन करून विचारलं. खरं तर विचारायचं होतं कठड्याबद्दल. ते म्हणाले, "तुम्ही काय बोलाल हे मला माहीत आहे." मी म्हटलं, मलाच माहीत नाही. ते म्हणाले, "तुम्ही ट्रक म्हणू शकला नव्हता." हे त्यांना मी कधी सांगितलं?

९ डिसेंबर, रविवार

आज मेस हलली. भूकंपानं नाही.

मेसमध्ये सभा. पालक भरपूर, कुणी लोह्याहून, कुणी हिमायतनगरहून पहाटेच्या एसटीनं. सर दहा मिनिटं निकालाबद्दल बोलले आणि म्हणाले, आता आमच्या भूगोलाच्या मॅडम सांगतील.

मी उभी राहिले. म्हटलं, "आज भूकंप येईल हे ज्यानं पाठवलं त्याला माहीत नाही. येणार नाही हे मलाही माहीत नाही. जगात कुणालाच दिवस-वार सांगता येत नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले.

मग पहिल्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ उठले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. अक्षराचे वडील गुरुलिंगअप्पा, मुरुडला अडत दुकान. "मग मी माझ्या लेकीला घरी नेतो. घरी तरी डोळ्यापुढं राहील."

"अप्पा, घर कसलं आहे?"

"घर? दगडाचं. आजोबांच्या हातचं. भिंत ही एवढी रुंद." त्यांनी दोन्ही हात पसरले. "वर माळवद."

"माळवदावर माती किती?"

"दर साल टाकतोच की. असंल दोन फूट."

मी तोंडातून जाऊ नये ते बोलले. म्हटलं, "मग नेऊ नका. हादरा आला तर त्या मातीचा भार अंगावर येतो. किल्लारीला माणसं अशाच घरांत गेली. ही इमारत तुमच्या घराहून बरी आहे. अक्षराला इथे ठेवा आणि तुम्ही माळवदावरची माती उतरवा. दगडाच्या भिंतींत जागोजाग आरपार आडवे दगड घालून घ्या, कोपरे आवळून घ्या. मिस्त्री आहेत ते काम शिकलेले."

अप्पांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. मला वाटलं आता ओरडतील. ते मागे वळून इतरांना म्हणाले, "ऐकलं का? मी लेक न्यायला आलो, ही बाई मलाच घराबाहेर काढून राहिली!" आणि असे गदगदून हसले की सगळी मेस हसली.

मला धीर आला. मी गेटचं बोलले. गेल्या महिन्यात काय झालं ते सगळं, अक्षराच्या मनगटासकट. गेटला कडी आतून पाहिजे.

तिथे मात्र हसू थांबलं. एक वडील म्हणाले, "पोरींना आतून कडी? मग कुलूप कशाला म्हणायचं?" दुसरे म्हणाले, "भूकंप कधी तरी येतो, जमाना रोज वाईट आहे." एक आई, बुरख्यातली, मुलीचा हात धरून उभी होती, ती हळूच म्हणाली, "पर ताला खुला नै तो बच्ची बाहर कैसे आती?" वाद तिच्याकडे न बघताच पुढे गेला. अर्ध्या तासानं सर म्हणाले, विचार करू. म्हणजे नाही.

नंतर केबिनमध्ये मला एवढंच म्हणाले, "उद्या बोलू."

भूकंप आला नाही.

१० डिसेंबर

बॅग भरून ठेवली. सरांनी बोलावलंच नाही. गंमत म्हणजे एकही मुलगी गेली नाही. नेणार म्हणून फोन केलेले सातही जण सभेनंतर जेवून परत गेले. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे, त्यामुळेच थांबले असणार.

बॅग भरलेलीच आहे.

१४ डिसेंबर, शुक्रवार

सगळं नीट लिहायचंय. कुठून सुरू करू.

आज संध्याकाळी साडेसातला वीरभद्र सर मेसमध्ये बारावीच्या मुलींना तरंग शिकवत होते. चाचणीची उजळणी, ते अशा वेळी होस्टेलवर स्वतः येतात. मी दारात. बाहेर वॉचमननं नियमाप्रमाणे सातला कुलूप घातलं होतं.

सरांनी फळ्यावर तरंग काढला. "हे शिखर, ही दरी, आणि माध्यमातला कण जागच्या जागी—"

धाड.

आजवरचा सगळ्यांत मोठा. आवाज पायांतून वर आला. ट्यूबलाइट झुलली, मेसची सगळी पातेली एकदम वाजली, आणि वरच्या मजल्यावर काहीतरी कोसळलं. मी थाळीकडे हात नेला तोवर टेबलांखालून पाढे सुरू झाले होते. सत्तावीस एके सत्तावीस! सगळ्या मुली खाली, हात डोक्यावर. उभे फक्त सर, खडू हातात, तोंड उघडं.

"सर, खाली!" अक्षरा ओरडली.

सर पळाले. सरळ गेटकडे. मी बघितलं, अगदी मी पळाले होते तसेच, तीच चाल.

हादरा थांबला. मुली रांगेनं बाहेर आल्या, खोलीप्रमुख पुढे, कुणी ढकललं नाही. वरच्याही जिन्यानं उतरल्या, एकमेकींचा हात धरून. गेटपाशी येऊन सगळी रांग थांबली, कारण गेटपाशी सर होते. जाळी दोन्ही हातांनी धरून हलवत होते. "अरे कुणी आहे का! किल्ली! किल्ली आण!"

वॉचमन चहाला.

बाहेर रस्त्यावर सगळी गल्ली उतरली होती आणि आमच्याकडे बघत होती. आत सगळ्या मुली भिंतीला लागून, शांत, रांगेत. आणि पुढे त्यांचे सर, जाळीला धरून. सरांनी मागे वळून बघितलं. मुली हसल्या नाहीत.

अक्षरा म्हणाली, "सर, थोडं मागं या. मधे नका उभं राहू, वरचा पंखा सुटला तर. इथं भिंतीला या." सर आले. तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. तिच्या मनगटाचं क्रेप बँडेज बघत होते. पांढरे पडले होते.

वॉचमन आला, किल्ली लागेना. मग लागली. मुली चालत मैदानावर गेल्या. कुणालाही खरचटलं नाही. वरती कोसळलं ते काय होतं ते मग बघितलं: दोन खोल्यांतल्या माळ्याचा गिलावा, मोठाले तुकडे, सगळा पलंगांवर. पेट्या असत्या तर पेट्याही आल्या असत्या.

सर मैदानावर सगळ्यांत शेवटी आले. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, मी पंधरा वर्षं तरंग शिकवतो." गेटकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "सकाळी लोहाराला बोलवा."

१५ डिसेंबर

लोहाराच्या आधी यासेर सर आले, काल रात्री माझा फोन ठेवल्यावर लगेच काढलेला नकाशा घेऊन. गेटला आतून मोठी कडी, कुलूप नाही. पण कडी उघडली की घंटा वाजलीच पाहिजे अशी जोडणी. म्हणजे मुलींना अडचण नाही आणि पालकांना काळजी नाही. कोणी चोरून बाहेर पडेल तर सगळी गल्ली जागी होईल. सरांनी नकाशा उलटसुलट करून बघितला, म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं कुणाला?" यासेर सर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमनीच सुचवलंय." मी नव्हतं सुचवलं. मी आतून कडी एवढंच म्हटलं होतं, घंटा त्यांची. माणूस विसराळू आहे.

गच्चीचा कठडाही उतरवायला काढला.

१७ डिसेंबर

बाजारातली घंटा चिमणीसारखी वाजत होती. सरजाबाईंनी भावाकडून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणवली. आता गेट उघडलं की होस्टेलात बैल शिरल्यासारखं वाटतं. वॉचमनला सर्वांत आनंद. त्याच्या खिशातलं ओझं उतरलं. हिमायतनगरचे एक वडील मुद्दाम बघायला आले, चार वेळा कडी काढून घातली, समाधानानं मान हलवली आणि मुलीला न भेटताच परत निघाले होते.

१९ डिसेंबर

पेपरात सरांची जाहिरात: ‘मराठवाड्यातील पहिले भूकंप-सज्ज मुलींचे वसतिगृह. संकल्पना: प्रा. वीरभद्र सर.’ मी अर्धा तास चिडून बसले. मग सरांनी बोलावलं. शहरातल्या बाकीच्या क्लासवाल्यांनी त्यांना विचारलंय, सराव कोण घेईल. "मी तुमचं नाव दिलंय. आठवड्यातून दोन दिवस तुम्ही ह्याच कामाला. आणि अकरावीला एक तास भूगोल ठेवू. आवडीनं बसतील त्यांच्यासाठी."

मी म्हटलं, सर, जाहिरात.

म्हणाले, "पुढच्या वेळी तुमचा फोटो." आणि लाजले. सरांना लाजताना पहिल्यांदा बघितलं.

मुरुडहून गुरुलिंगअप्पांचा फोन. माळवदावरची माती उतरवून वर पत्रे घातले. बायको म्हणते घर एवढं हलकं झालं की उन्हाळ्यात तापेल. त्यांना पत्र्याखाली चटई लावायला सांगितलं. जाता जाता म्हणाले, "पोर म्हणते डॉक्टरच व्हायचं, पण जमिनीची. असतंय का असं?" असतंय म्हटलं.

२१ डिसेंबर, शुक्रवार

बकरी ईद. घर पाहुण्यांनी भरलेलं. सरजाबाईंसाठी शिरखुर्मा मागून ठेवला, ईद दुसरी असली तरी त्यांना तोच पाहिजे असतो. दिवसभर हादरा नाही. यासेर सरांचा मुबारकबादचा फोन. रविवारी आमचं घर बघायला येतील म्हणाले, इतवाऱ्यातली जुनी घरं तपासायचं चाललंय. आईलाही आणतील, तिला जुनी घरं बघायला आवडतात.

अम्मीला सांगितलं तर ती एकदम कामाला लागली. पडदे धुवायला काढले. मी म्हटलं, अम्मी, ते भिंती बघणार, पडदे नाही.

२३ डिसेंबर, रविवार

मी सकाळपासून तयारी करून ठेवली होती. टॉर्च, मोजपट्टी, घर कधी बांधलं याची अब्बूंकडून माहिती. मागच्या खोलीत भिंतीला एक भेग आहे, तिच्यापुढचं कपाट सरकवलं. अम्मीनं मला हिरवा सलवार-कुर्त्याचा जोडा घालायला लावला. भिंती तपासताना धूळ लागेल म्हटलं, तर म्हणाली, "लगने दे."

ते आले. त्यांची अम्मी छान आहेत, बोलक्या. हिमायतनगरच्या. बसल्या बसल्या माझं शिक्षण, नोकरी, आवडतं काय, सगळं विचारलं. मी त्यांना प्लेटा समजावून सांगितल्या, भाकरी आणायला उठले तर अम्मीनं हात धरून बसवलं. यासेर सर आज अजिबात काही बोलत नव्हते. मधेच अब्बू म्हणाले, "बेटा, घर कसं आहे आमचं?" ते म्हणाले, "फार मजबूत आहे." अजून त्यांनी एकही भिंत बघितली नव्हती!

भेग दाखवायला मी दोनदा उठले. दोन्ही वेळा अम्मीनं खाली बसवलं. मग अम्मी आणि त्यांची अम्मी आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अब्बूंना अचानक दुकानातलं काम आठवलं, पाहुणे घरात असताना. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच. मी चहा ओतला, बशीत जास्त सांडला. ते म्हणाले, "भेग राहिलीच. बघायला परत यावं लागेल."

मी म्हटलं, "शिडी लागेल."

ते म्हणाले, "मी आणेन."

ते गेल्यावर अम्मी गाणं गुणगुणत पडदे काढून परत घडी घालत होती. मी मागच्या खोलीत जाऊन कपाट जागेवर सरकवायला लागले आणि थांबले.

ती भेग माझ्या कमरेएवढ्या उंचीवर आहे. मी शिडी कशाला म्हटलं?